नुसतं बसायचा हक्क

आपल्या चळवळीत फिरण्याबद्दल लिहिणं जरा संकोचाचंच समजलं जातं. मोर्चा, निवेदन, शिबिर, आरक्षण, अत्याचाराची केस यावर लिहावं. नदीकाठी बसून कॉफी प्यायली, यावर काय लिहायचं? तरीही लिहितोय. कारण त्या दिवसाने डोक्यात जो प्रश्न उभा केला तो कॉफीचा नाही, वेळेचा आहे. या समाजात मोकळा वेळ कोणाच्या मालकीचा असतो?

कामानिमित्त आठवडाभर जर्मनीत होतो. मधला रविवार मोकळा मिळाला. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातला माझा जुना मित्र सध्या बॉनला शिकतो. आम्ही दोघांनी एकाच विहाराच्या अभ्यासिकेत रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बसून परीक्षा दिल्या. घरी पंखा एक आणि माणसं सात, म्हणून अभ्यासिका. फोनवर तो म्हणाला, "ये. पण एक अट आहे. दिवसभरात काहीही उरकायचं नाही."

ही अट पाळणं फार जड गेलं. पॉपेल्सडॉर्फच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं आहेत. खाली पडलेली फळं वेचत आम्ही चाललो होतो आणि मी दर दहा मिनिटांनी विचारत होतो, "आता पुढे काय?" तो हसून म्हणायचा, "काही नाही." बॉन विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे एके काळचा राजवाडा. समोर भलं मोठं हिरवळीचं मैदान. त्यावर विद्यार्थी, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आडव्या पडलेल्या. कोणी वाचतंय, कोणी चक्क झोपलंय. शिट्टी फुंकणारा वॉचमन नाही, "इथे बसू नये" अशी पाटी नाही. आपल्या उपनगरातली बाग आठवली. भर दुपारी, जेव्हा माणसाला सावली हवी असते, तेव्हाच तिच्या फाटकाला कुलूप असतं. आणि उघडी असली तरी बाकावर डोळा लागलेल्या माणसाचे कपडे बघूनच त्याला उठवायचं की नाही ते ठरतं.

हे शहर आपल्याला परकं नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनहून बाबासाहेब इथे आले आणि या विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवलं. प्रवेशासाठी स्वतःची माहिती त्यांनी जर्मन भाषेत लिहून दिली होती. लंडनचा प्रबंध पुरा करायचा होता, पैशांची ओढाताण होती, त्यामुळे बॉनचं शिक्षण पुढे गेलं नाही. त्यांच्या आधी, १८३५ साली, कार्ल मार्क्स याच विद्यापीठात विद्यार्थी होता. आणखी एक गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी. हे विद्यापीठ १८१८ साली स्थापन झालं आणि त्याच वर्षी ऑगस्ट विल्हेल्म श्लेगल तिथे प्राध्यापक झाला. पुढे त्याने तिथे संस्कृत शिकवलं आणि १८२३ साली भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. ऱ्हाईनकाठच्या ख्रिस्ती पोरांना संस्कृतचा वर्ग खुला होता. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी मुंबईत शाळकरी भीमरावाला अस्पृश्य म्हणून तोच वर्ग बंद होता, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्ञान परदेशात गेल्याने बाटलं नाही. महाराच्या पोराने मागितल्यावर मात्र बाटत होतं.

दुपारी भूक लागली. काहीतरी विकत घेऊ म्हणून निघालो तर बहुतेक दुकानं बंद. मी वैतागलो. मित्र म्हणाला, "अरे, रविवार आहे. दुकानात काम करणाऱ्यालाही घर असतं." मग कळलं, ही नुसती रीत नाही, तिथल्या संविधानात आहे. १९१९ च्या वायमार संविधानाने रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षित केला आणि ते कलम आजच्या जर्मन संविधानातही कायम आहे. आठ तासांचा दिवस तिथल्या कामगारांनी १९१८ च्या क्रांतीत मिळवला. बाबासाहेब बॉनला पोहोचले तेव्हा या गोष्टी दोन-चार वर्षांच्या ताज्या होत्या.

पण विश्रांती ही युरोपने आपल्याला शिकवलेली गोष्ट आहे, असं कोणी समजू नये. मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. म्हणजे ज्या रविवारी आज सगळी मुंबई मॉलमध्ये जाते, तो रविवार सत्यशोधक चळवळीची कमाई आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणाऱ्या १९४६ च्या दुरुस्तीमागे ते उभे होते. १९४५ च्या आपल्या पुस्तकात गांधीवादाची चिरफाड करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली, तीही याच कारणासाठी. यंत्राने माणसाचे कष्ट कमी होतील, त्याला फुरसत मिळेल, आणि फुरसत असेल तरच सुसंस्कृत जगणं शक्य होईल. चरख्याचं कौतुक करणाऱ्यांना श्रमात मोक्ष दिसत होता. पिढ्यान्‌पिढ्या फक्त श्रमच वाट्याला आलेल्यांच्या पुढाऱ्याला तसा भ्रम होणं शक्य नव्हतं.

आता आजच्या महाराष्ट्राकडे या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असं सांगितलं जातं. पण भांडुपहून भिवंडीला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराचा हिशोब करून बघा. बारा तास काम, येण्याजाण्याचे तीन तास. उरलेल्या नऊ तासांत झोप, जेवण, पाण्याची रांग आणि पोरांचा अभ्यास. तो वाचणार कधी? सभेला येणार कधी? युनियन बांधणार कधी? माणसाचा वेळ काढून घेतला की त्याचं राजकारणही आपोआप काढून घेतलं जातं. म्हणून कामाच्या तासांचा प्रश्न हा जातिअंताच्याही लढाईचा प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी ऱ्हाईनच्या काठावरून आईला फोन केला. आईने मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये तीस वर्षं धुणीभांडी केली. तिने विचारलं, "काय काय केलंस?" म्हटलं, "काही नाही, नुसतं बसलो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस. मला कोण बसू देत होतं?" घरकामगारांसाठी आपल्या राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आठवड्याची भरपगारी सुट्टी आजही मालकिणीच्या मर्जीवर आहे. लोखंड्यांचा रविवार माझ्या आईपर्यंत पोहोचलाच नाही.

जर्मनी म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. बॉनच्या फुटपाथवर ठिकठिकाणी छोट्या पितळी पाट्या बसवल्या आहेत. नाझींनी ज्यांना मारलं, हाकललं त्यांची नावं, ते राहत होते त्या घरांसमोर. याच विद्यापीठातल्या फेलिक्स हाउसडॉर्फ या थोर गणितज्ञाने, ज्यू असल्यामुळे छळछावणीत नेणार हे कळल्यावर, जानेवारी १९४२ मध्ये पत्नीसह आत्महत्या केली. त्या समाजाने भयंकर गुन्हा केला. पण तो पायाखाली दिसत राहील अशी व्यवस्थाही केली. आपल्याकडे ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यांची आठवण ठेवायला दरवर्षी वस्तीलाच जमावं लागतं.

जातही विमानाने तिथे पोहोचली आहे. मित्राने खोली शोधली तेव्हा भारतीय मुलांनी पहिला प्रश्न विचारला, "प्युअर व्हेज ना?" आणि दुसरा, "पूर्ण नाव काय?" शेवटी खोली एका तुर्की म्हातारीने दिली. हिंदू जगभर पसरले तर जात जगाचा प्रश्न होईल, हा इशारा बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधात आधीच नोंदलेला आहे.

आणि दारावर पैसेही मोजावे लागतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांहून जास्त रुपये, आधी खात्यात दाखवावे लागतात. शिष्यवृत्तीशिवाय हे आपल्या कोणत्या पोराला जमणार? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५, अख्ख्या महाराष्ट्रासाठी. केंद्राच्या शिष्यवृत्तीतून तर २०२२ साली भारताची संस्कृती, इतिहास, समाज हे विषयच वगळले गेले. म्हणजे बाहेर जा, पण जातीवर अभ्यास करू नका.

काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते आणि हा निवांतपणाच्या गोष्टी सांगतो. जरूर सांगतो. अठरा तासांचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या इच्छेने केला. दुसऱ्यांसाठी मात्र त्यांनी कामाचे तास कमी करून घेतले. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, बागेत रमले, कुत्री पाळली. १४ एप्रिलला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपण करतो, तो करावाच. पण व्हायोलिन शिकणारे बाबासाहेबही आपलेच आहेत, हे पोरांना सांगायला विसरू नये.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. १२ तासांच्या निर्णयाला विरोध हा आपल्या प्रत्येक संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हवा. घरकामगार आणि कंत्राटी सफाई कामगारांची भरपगारी साप्ताहिक सुट्टी ही मागणी हवी. शिष्यवृत्तीच्या जागा वाढवणं आणि वगळलेले विषय परत आणणं हवं. वस्तीजवळची बाग दुपारीही उघडी हवी. आणि वर्षानुवर्षं न थांबता राबणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याने, कार्यकर्तीने, महिन्यातून एक दिवस तरी कोणालाही उत्तर न देता नुसतं बसावं. ती चैन नाही. आपल्या बापजाद्यांची थकबाकी आहे, आणि ती वसूल करायची आहे.

जयभीम!