जुन्या घुमटांत नवें बिऱ्हाड

आमच्या माजघरांत खिडकीपाशीं एक शिसवी मेज आहे, आणि त्या मेजावर गेलीं वीसबावीस वर्षें एक संगणक मांडलेला आहे. नव्या पाहुण्यास तो प्रथमदर्शनीं संगणक वाटतच नाहीं. उपड्या वाडग्यासारखा पांढराशुभ्र घुमट, त्यांतून वर निघालेली चकचकीत पोलादी मान, आणि मानेच्या टोकास बोटाच्या धक्क्यानें वळणारा पातळ पडदा. अ‍ॅपल कंपनीनें हा आयमॅक जी-फोर २००२ सालच्या जानेवारींत जगापुढें आणला, आणि त्याच वर्षीं आमच्या दादांनीं तो नानांकरितां घेतला. नाना तेव्हां सेवानिवृत्त होऊन कुलवृत्तांताच्या मागें लागले होते. घराण्याच्या शाखा हुडकीत कोंकणांत गांवोगांव हिंडावें, आणि परत आल्यावर सकाळचा चहा झाला कीं त्या घुमटासमोर बसून टिपणें उतरून काढावीं, हा त्यांचा क्रम २०११ सालीं ते जाईपर्यंत चालला.

नानांच्या मागें तें यंत्र नुसतें शोभेचें उरलें. तें बिघडलें होतें असें मात्र नाहीं. मागचें बटण दाबलें कीं ओळखीचा गंभीर स्वर काढून तें जागें होई. परंतु जग त्याला मागें टाकून गेलें होतें. त्याचा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा. अ‍ॅपलनें २००६ सालीं ती जात सोडून इंटेलची धरली आणि २०२० पासून स्वतःचीच नवी जात सुरू केली. त्यामुळें आजचे प्रोग्राम त्यास चालत नाहींत व त्याचे प्रोग्राम आजच्या यंत्रांस चालत नाहींत. एखादें संकेतस्थळ उघडावें म्हटलें, तर आजच्या सुरक्षिततेची सांकेतिक भाषा त्यास येत नाहीं. वहिनी रोज त्याची धूळ पुशीत, खंडेनवमीस त्यावर झेंडूचें फूल ठेवीत. एवढाच काय तो त्याचा घरांतील मान राहिला होता.

गेल्या दिवाळीच्या सुटींत दादांचे धाकटे चिरंजीव घरीं आले, ते एक बेत मनांत घेऊनच. ‘काका, हा घुमट रिकामा करायचा आणि आंत नवा मॅक मिनी बसवायचा. मान तीच, पडदा तोच!’ २०२४ सालीं निघालेला मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर लांबरुंद व ५ सेंटिमीटर उंच, म्हणजे लाडवांच्या लहानशा डब्याएवढा आहे. घुमटाचा तळ सुमारें २७ सेंटिमीटर व्यासाचा. तेव्हां जागेची अडचण नव्हती. आम्हीं विरोध केला. ज्यानें नानांचें काम केलें तें काढून टाकावयाचें आणि नुसतें कवच ठेवावयाचें, ही कसली आठवण? जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा राखून आंत सदनिका बांधणाऱ्यांचें आम्हांस कधींच कौतुक वाटलेलें नाहीं. परंतु दादा म्हणाले, ‘करूं दे त्याला,’ आणि आमचा विरोध तेथेंच संपला. एकत्र कुटुंबांत धाकट्या भावाच्या मताची किंमत ही अशीच असावयाची.

मेजावर जुनें लुगडें अंथरून घुमट उलटा निजविला. तळाची झांकणी निघाली, स्क्रू सुटले, आणि मदरबोर्डासह सबंध तळ चिरंजीवांच्या हातांत आला. एवढ्यांत स्वयंपाकघरांतून हात पुशीत वहिनी आल्या. ‘भावजी, मामंजींचा कुलवृत्तांत यांतून काढून ठेवला आहे ना?’

ठेवला होता, निदान आमची तशी समजूत होती. नाना गेले त्या वर्षीं आम्हीं स्वतः त्यांच्या सर्व फायली एका पेनड्राइव्हवर उतरविल्या होत्या. तो कपाटांतून शोधून लॅपटॉपास लावला. फायली होत्या, त्यांचीं नांवें होतीं. पण एकही धड उघडेना. नाना अ‍ॅपलवर्क्समध्यें लिहीत, आणि तो प्रोग्राम २००७ सालींच बंद झालेला. खटपट करून एका दुसऱ्या प्रोग्रामांतून त्या उघडल्या, तों पानोपान रोमन अक्षरें, कंस व स्वल्पविराम यांची नुसती गर्दी! कारण उमगावयास अर्धा तास लागला. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं मराठी फाँट बहुधा एक युक्ति करीत. यंत्रास ‘क’ हें अक्षर ठाऊकच नसे. रोमन अक्षराच्या घरांत देवनागरी अक्षराचें चित्र बसविलेलें असे. तो फाँट आहे तोंपर्यंत मराठी, नाहीं तर अक्षरांचा चिवडा. फायली उतरवितांना फाँटही घ्यावा हें आम्हांस सुचलें नव्हतें. म्हणजे नानांचे नऊ वर्षांचे श्रम वाचूं शकेल असें यंत्र घरांत एकच होतें, आणि तें पोट उघडें टाकून मेजावर पडलें होतें.

तें पुन्हां मिटणेंही सोपें नव्हतें. प्रोसेसराची उष्णता वाहून नेणाऱ्या नळीचा जोड तळ उघडतांच सुटतो. तेथें उष्णतावाहक लेप नव्यानें लावल्याखेरीज यंत्र चालविलें तर प्रोसेसर तापून निकामी होण्याचें भय. लेप दुसऱ्या दिवशीं बाजारांतून आणावयाचा होता. त्या रात्रीं घरांत कोणासच झोंप आली नाहीं असें लिहिलें तर अतिशयोक्ति होईल. परंतु दादा दोनदां उठून मेजाकडे गेले, हें आम्हीं पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं लेप लावून तळ बसविला आणि बटण दाबलें. तो स्वर निघाला, जुनी हार्ड डिस्क कुरकुरली, आणि बऱ्याच वेळानें पडद्यावर नानांची मराठी दिसूं लागली. वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली. छपाईच्या आज्ञेंतूनच पीडीएफ करण्याची सोय त्या जुन्या मॅक ओएस टेनमध्येंही आहे. पीडीएफमध्यें फाँट आंतच गुंफला जातो, म्हणून अक्षरें कोठेंही जशींच्या तशीं दिसतात. दोन दिवस बसून एकेक प्रकरण काढलें. सारीं मिळून ३१२ पानें भरलीं. या खेपेस फाँटही घेतला.

मग खरें काम. मानेंतून पडद्याकडे बारीक तारा जातात. त्यांत चित्र वाहणाऱ्या चार पिळलेल्या जोड्या असतात : तांबडी, हिरवी, निळी, व कालमापनाची चौथी. आजच्या एचडीएमआय केबलींतही मूळ योजना हीच आहे. म्हणून त्या जुन्या पडद्याचें व आजच्या यंत्राचें बोलणें जुळूं शकतें. चिरंजीवांनीं दोन्हीकडच्या तारा कापून एकमेकींस डाख दिला व पडद्यामागच्या दिव्यास वेगळी वीज दिली. पहिल्या खेपेस काळोख. दुसऱ्या खेपेस दादांच्या लग्नाचें छायाचित्र उमटलें. पण त्यांत वहिनींचें कुंकू हिरवें आणि हातांतला चुडा तांबडा! दोन जोड्यांची अदलाबदल झाली होती. ‘आधीं माझा चुडा हिरवा करा आणि मग जेवायला या,’ असें बजावून वहिनी आंत गेल्या.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. जुनें सामान निघाल्यावर घुमट इतका हलका झाला, कीं पडदा पुढें ओढतांच सबंध यंत्र वांकून नमस्कार घालूं लागलें. शेवटीं कोठीच्या खोलींतून एकेक किलोचीं दोन लोखंडी वजनें निघालीं. तराजू केव्हांच मोडला होता. तीं फलालिनींत गुंडाळून आंत घट्ट बसविलीं. मॅक मिनीचें बटण तळाशीं, हवेची वाटही तळाशींच. म्हणून झांकणीस भोंकें पाडून खालीं रबरी पाय लावावे लागले.

यांत पैशाचा शहाणपणा किती, असें कोणी विचारील तर आम्ही ‘मुळींच नाहीं’ म्हणून सांगूं. २५६ मेगाबाइट स्मृतीच्या जागीं १६ गिगाबाइट आली खरी. परंतु पडदा तोच १५ इंची, १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, वयोमानानें जरासा पिवळा झालेला. अरबी घोडा टांग्यास जुंपावा तसें हें झालें. तरीही आमचा पहिला विरोध आम्हांस आतां तितकासा आठवावासा वाटत नाहीं. त्या विरोधाचें चाललें असतें, तर फूल वाहत, धूळ पुशीत आणखी दहा वर्षें गेलीं असतीं; एके दिवशीं ती हार्ड डिस्क मुकाट्यानें बंद पडली असती, आणि कपाटांतल्या पेनड्राइव्हच्या भरंवशावर आम्ही निश्चिंत बसलों असतों.

जुना मदरबोर्ड व डिस्क नानांच्या चष्म्याशेजारीं कपाटांत ठेविलीं आहेत. दुपारचीं जेवणें झालीं कीं वहिनी त्याच मेजाशीं बसून पीडीएफवरून सारा मजकूर युनिकोडांत नव्यानें टंकतात. आम्ही मुद्रितें तपासतों. १९० पानें झालीं. शेवटच्या प्रकरणाखालीं नानांनीं ‘गुहागर शाखेचें टिपण पाहणें’ असें लिहून ठेविलें आहे. तें टिपण कागदावर असावें. दादा कालपासून माळ्यावर शोधीत आहेत.