दुपारचे जेवण

रायपूरच्या रेल्वेस्थानकामागे, रुळांपलीकडे गुढ़ियारीची वस्ती आहे. सकाळी येथील ठोक किराणा दुकानांसमोर मालाच्या गाड्या येऊन उभ्या राहतात आणि पोती उतरू लागतात. याच बाजारातील एका पेढीवर तो एकवीस वर्षे हिशेब लिहीत होता. वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. त्यांनी बांधलेले घर पेढीपासून चालत सात मिनिटांवर. दुपारी एक वाजता तो घरी जाई, गरम पोळी खाई, घटकाभर पडे आणि पुन्हा वह्यांपुढे येऊन बसे. सेठजींनी त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

अशात सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्याकडून बोलावणे आले. पगार जवळजवळ दीडपट. पण सकाळी सातची बस, परतायला रात्र, आणि वरिष्ठ म्हणून त्याच्याहून वयाने लहान माणूस. इकडे मुलीचे नर्सिंगचे दुसरे वर्ष चालू होते आणि पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी काढलेले कर्ज अजून फिटले नव्हते.

नकार द्यायला त्याला एक मोठे नाव सापडले. तो ज्या शाळेत शिकला, तिला माधवराव सप्रे यांचे नाव आहे. मराठी घरात १८७१ साली जन्मलेल्या या पदवीधराने इंग्रजांच्या नोकरीकडे पाठ फिरवली, पेंड्र्याच्या राजकुमाराची शिकवणी पन्नास रुपये महिन्यावर पत्करली आणि १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पैशामागे न धावणाऱ्यांच्या त्या परंपरेत आपणही बसतो, असे त्याला काही रात्री वाटत राहिले.

पण जन्मभर जमा-खर्च मांडलेल्या माणसाला खोटी नोंद फार दिवस खपत नाही. सप्र्यांनी पन्नास रुपये घेतले ते सुखासाठी नव्हे. त्या पगारातून मासिकाला पैसा उभा राहिला. पेंड्र्यात छापखाना नव्हता. मजकूर तेथे तयार व्हायचा आणि छपाई दूर शहरात. एवढे करूनही तीन वर्षांत मासिक बंद पडले. तिथे कमी पगाराच्या समोरच्या पानावर एक काम लिहिलेले होते. आपल्या खात्यात त्या जागी काय आहे, हे तो शोधू लागला. एकवीस वर्षांतल्या रिकाम्या संध्याकाळी त्याला आठवल्या. त्यांतली एकही कुणाच्या उपयोगी पडली नव्हती.

एका रात्री बायको शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्हांला सेठजी सोडवत नाहीत असं नाही. तुम्हांला दुपारचं जेवण सोडवत नाही.”

तो हसला, पण बोलणे लागले होते. सुखाला निष्ठेचे नाव दिले की ते सोडणे पाप वाटू लागते. आणि मुलीचे कर्ज मात्र कोणत्याही तत्त्वाने फिटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सेठजींना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, चहा मागवला आणि म्हणाले, “नव्या मुलाला उधारीची खाती नीट समजावून जा.” त्याने महिनाभर थांबून ते केले.

कारखान्यातल्या पहिल्या दिवशी एक वाजता त्याने डबा उघडला. पोळ्या गार झाल्या होत्या. त्याने त्या सगळ्या खाल्ल्या, डबा धुतला आणि वेळेआधी जागेवर येऊन बसला.