पानाचे आयुष्य आणि स्टिकरचे आयुष्य

सजवलेल्या नियोजनवहीच्या एकाच पानावर फार वेगवेगळ्या आयुष्याच्या वस्तू एकत्र येतात. ‘वीजबिल भरणे’, ‘दातांचे डॉक्टर, साडेपाच’ अशा नोंदींचे काम एका दिवसात संपते. त्यांच्या शेजारी लावलेला विनाइलचा चकचकीत कप किंवा फुलपाखरू मात्र वही रद्दीत गेल्यावरही कित्येक वर्षे तसेच राहते. कागदी नियोजनाच्या छंदाचा पर्यावरणावर पडणारा भार मुख्यतः या विजोडपणातून येतो. कागद वापरला जातो हे त्याचे मोठे कारण नाही; दिवसाच्या कामासाठी दशकांचे साहित्य खर्ची पडते, हे आहे.

मुळात नियोजनाला सजावटीची गरज नसते. रायडर कॅरोल यांनी २०१३ साली जगापुढे मांडलेली बुलेट जर्नलची पद्धत साधी वही, पेन आणि ठिपके-रेघांच्या खुणा एवढ्यावरच उभी होती. रंगीत शीर्षके, टेप आणि स्टिकर तिच्यावर नंतर चढले, आणि ते वापरणाऱ्यांनीच चढवले. मराठी घरांत हेच काम १९७३ पासून ‘कालनिर्णय’ करत आले आहे. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, कुणाच्या तरी साखरपुड्याची तारीख हे सगळे भिंतीवरच्या चौकोनांत बॉलपेनने लिहिले जाते. महिना उलटला की त्याच पानाचे मुलांच्या पुस्तकाला कव्हर होते किंवा ते फडताळात अंथरले जाते. ही पर्यावरणपूरक जीवनशैली आहे असे तेव्हा कुणी म्हणत नव्हते. पान एकाच घटकाचे होते म्हणून ते पुढच्या कामाला येत होते.

स्टिकर एकाच घटकाचा नसतो. छापखान्यात ज्याला गमिंग शीट म्हणतात तो आडवा कापलेला पाहिला तर त्यात निदान तीन थर दिसतात. वरचा थर कागदाचा किंवा प्लास्टिकचा. त्याच्यावर बऱ्याचदा लॅमिनेशनची आणखी एक पारदर्शक फिल्म असते. मधला थर दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचा, बहुधा ॲक्रिलिकचा. खालचा गुळगुळीत कागद सिलिकॉनचा लेप दिलेला, म्हणूनच स्टिकर त्याच्यावरून अलगद सुटतो. ‘हाफ कट’ करताना यंत्राचे पाते वरचे दोन थर कापते आणि खालचा कागद अखंड ठेवते. सगळे स्टिकर वापरून झाल्यावर हातात दोन गोष्टी उरतात: आकृत्यांभोवतीची पांढरी जाळी आणि तो गुळगुळीत कागद. म्हणजे वहीत जेवढे साहित्य जाते, साधारण तेवढेच कचऱ्यातही जाते.

चिकटवण्याची ही सोय तशी अलीकडची आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या पाठीवर ओले केल्यावरच चिकटणारा गोंद होता. पाण्याशिवाय चिकटणारी लेबले तयार करणारे यंत्र अमेरिकेत आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली उभे केले. जुना गोंद पाण्याने सुटत असे, नवा सुटत नाही. टिकाऊपणाचा हा गुण पाकिटावर आणि बाटलीवर उपयोगाचा, पण कागदाच्या पुनर्वापरात तोच अडचण होतो.

रद्दी कागद गिरणीत पोहोचली की पाण्यात घुसळून तिचा लगदा केला जातो. शाई आणि पिना वेगळ्या काढता येतात. चिकट गोंदाचे मात्र बारीक गोळे होतात, चाळणीतून निसटतात, पुढे तापलेल्या रुळांवर मऊ पडून चिकटतात, आणि कागदावर डाग पडतात किंवा तो फाटतो. सिलिकॉनचा लेप असलेला खालचा कागद साध्या लगद्यात नीट मिसळत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था असलेले कारखाने लागतात आणि घरची रद्दी सहसा तिथवर जात नाही. लगद्यातून जाताना कागदाचे तंतू दर वेळी आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांत जीव उरत नाही. चिकट साहित्यामुळे गठ्ठा नाकारला गेला, तर या फेऱ्या सुरू होण्यापूर्वीच संपतात.

सजावटीच्या इतर साहित्याची परीक्षाही याच कसोटीवर होते. जपानमधील कुराशिकी येथील कामोई काकोशी ही १९२३ साली माश्या पकडण्याच्या चिकट कागदापासून सुरू झालेली कंपनी पुढे रंगकामाच्या टेपा बनवू लागली, आणि २००८ साली तिने सजावटीसाठी रंगीत टेपा बाजारात आणल्या. ही वाशी टेप पातळ कागदाची असते, हाताने फाटते आणि न फाडता उचलता येते. तरी तिच्याही पाठीवर गोंद असतोच, आणि त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त टेपांत प्लास्टिकच्याही असतात. ओळखायचे तर टोक फाडून पाहावे: कागदाच्या कडेला तंतू दिसतात, प्लास्टिक ताणले जाते.

चमकीचे तसे नाही. बहुतेक चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या फिल्मचे कण. वहीतून झडले की ते झाडूबरोबर आणि पाण्याबरोबर जातात व पुन्हा गोळा करता येत नाहीत. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली ती याच कारणाने. घरगुती छोट्या थर्मल प्रिंटरला शाई लागत नाही म्हणून तो निर्दोष वाटतो. पण त्याच्या कागदावर रंग उमटवणारा रासायनिक लेप असतो, त्यात अनेकदा बिस्फेनॉल असते आणि रद्दीतून ते नव्या कागदात उतरते. भारतात १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत मिठाईचे खोके आणि निमंत्रणपत्रिका यांभोवतीची फिल्म आहे, स्टिकर नाहीत. त्यामुळे इथे निवड कायद्याने होत नाही, वापरणाऱ्याला करावी लागते.

या निवडीत पहिला क्रमांक नव्या ‘इको’ वस्तूचा लागत नाही, घरात असलेल्या साठ्याचा लागतो. छंदात खरेदी वापराच्या पुढे धावते. खणात पडून राहिलेल्या स्टिकरांचा गोंद सुकतो, कडा वळतात, कागद पिवळा पडतो, आणि ते न वापरताच कचरा होतात. विनाइलचे स्टिकर आधीच घेतलेले असतील तर फेकून त्यांच्या जागी कागदी आणण्यात काहीच साधत नाही. ते डब्यांवर, खोक्यांवर, जिथे टिकाऊपणाचा उपयोग आहे तिथे लावावेत. हाफ कटची पांढरी जाळी कापून तिच्या पट्ट्यांवर शीर्षके लिहिता येतात, चूक झाकता येते. गुळगुळीत कागदावर उरलेल्या टेपांचे तुकडे ठेवता येतात. तारखा न छापलेली वही घेतली तर सुट्टीत कोरे राहिलेले आठवडे वाया जात नाहीत.

दुसरा क्रमांक चिकटवण्याच्या पद्धतीचा. मैद्याची खळ किंवा बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून त्याने लावलेला कागद लगद्यात पुन्हा कागद होऊ शकतो. एक चमचा मैदा अर्ध्या वाटी पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर पांढरेपणा जाऊन थोडी पारदर्शक झाक येईपर्यंत ढवळावा. आकाशकंदील आणि पतंग या खळीवरच तयार होत आले आहेत. बाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने घरी त्याऐवजी लागेल तेवढीच खळ ताजी करावी. अशा डिंकाने लावायला कागद कुठलाही चालतो: लग्नपत्रिकेचा लॅमिनेशन नसलेला भाग, जुन्या कॅलेंडरावरचे चित्र, पाठकोऱ्या कागदावर काढलेली आकृती. रबरी शिक्का आणि शाईची पेटी वर्षानुवर्षे पुरते आणि गोंदाचा प्रश्नच उरत नाही. शाळेत केलेले भेंडीचे ठसे वहीच्या कोपऱ्यात आजही तितकेच चांगले उमटतात, आणि काम झाल्यावर भेंडी ओल्या कचऱ्यात जाते.

विकत घ्यायचेच असेल तर वेष्टनावरची विशेषणे नीट वाचावी लागतात. ‘विघटनशील’ या शब्दातून कुठे, किती काळात आणि गोंदासकट की गोंद सोडून, हे कळत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२२ पासून फळांवर थेट लावायचे स्टिकर घरगुती कंपोस्टमध्ये कुजणारे असणे बंधनकारक आहे. यावरून दिसते की असा स्टिकर बनवता येतो. मात्र त्यासाठी कागद, शाई आणि गोंद तिन्ही कुजणारे लागतात. बियांचा कागद तर पेरला तरच अर्थपूर्ण: कपाटात वर्षे काढलेल्या वहीतल्या बियांची उगवणक्षमता हळूहळू जाते आणि मग तो निव्वळ महाग कागद उरतो.

राहतो प्रश्न जपायच्या पानांचा. सगळ्याच वह्या रद्दीसाठी नसतात. बाळाच्या पहिल्या वर्षाची, प्रवासाची, आजारपणातून उठतानाची वही लोक मुद्दाम ठेवतात. तिथे टिकाऊपणा हवाच, पण तो प्लास्टिकने मिळतो हा समज खोटा आहे. मऊ पीव्हीसीतली द्रव्ये काळाने बाहेर येतात आणि शेजारचे पान खराब करतात. स्वस्त गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पेशवे दफ्तरातल्या हातकागदावरच्या नोंदी दोन शतकांहून अधिक काळ वाचता येत आहेत. सुती चिंध्यांच्या कागदात लाकडातले लिग्निन नसते, म्हणून तो लवकर पिवळा पडत नाही. १९४० साली पुण्यात सुरू झालेल्या हातकागद संस्थेने हीच परंपरा पुढे नेली. जपायच्या पानाला असा कागद, पक्की शाई आणि डिंक पुरतो.

वर्ष संपल्यावर वहीची वाटणी करणे हा या सगळ्याचा शेवटचा टप्पा. ठेवायची पाने सोडवून शिवून घ्यावीत. उरलेल्यांतली कोरी पाने कच्च्या कामाला जातात. जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांतून बाइंडरकडून नवी वही शिवून घेण्याची रीत मराठी घरांत होतीच. तारेची स्प्रिंग भंगारात जाते. लॅमिनेशनचे पुठ्ठे, प्लास्टिकचे स्टिकर आणि थर्मल कागद असलेली पाने वेगळी काढली तर बाकीची रद्दी स्वच्छ राहते. ही वाटणी करताना कुठली सजावट सहज सुटली आणि कुठली पानासकट कचऱ्यात गेली हे डोळ्यांसमोर येते, आणि पुढच्या वर्षीच्या खरेदीची यादी त्यावरूनच करता येते. एका आठवड्याच्या कामाला आठवड्याचे साहित्य आणि जन्मभर जपायच्या पानाला जन्मभर टिकणारे, एवढी जोडी जमली की सजावट सोडायची गरज उरत नाही.