बक्षिसाचे घड्याळ

बक्षीस दाखवले की माणूस दुप्पट राबतो, असा माझा ठाम समज होता. १९८४ साली मी उपनगरातल्या एका सहकारी ग्राहक भांडाराचा व्यवस्थापक होतो. दिवाळीच्या आदल्या महिन्यात मी मोठ्या हौसेने फलक लावला : सर्वांत जास्त पावत्या फाडणाऱ्यास भिंतीवरचे घड्याळ!

आठवडाभर विक्री वाढली. मग मात्र गंमत सुरू झाली. गोदामातली पोती आणायला कोणी उठेना; पोती वाहून पावत्या थोड्याच वाढतात! रवा, साखर आणि डालडा नेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती एकाऐवजी तीन पावत्या पडू लागल्या. शेवटी घड्याळ एकाला मिळाले आणि अकरा जणांची तोंडे फुगली. ऐन दिवाळीत भांडारात अबोला!

आईजवळ गाऱ्हाणे मांडले. ती कित्येक वर्षे ‘लिज्जत’चे पापड लाटत होती. हातातले लाटणे न थांबवता ती म्हणाली, “अरे, आमच्याकडे जितके किलो पापड, तितकी लाटणावळ. जिचा हात भरभर चालतो, तिला जास्त. त्यात कुणाचं काही म्हणणं नसतं. पण नफा झाला तर तो सगळ्याजणींचा, आणि तोटा झाला तर तोही सगळ्याजणींचा. म्हणून शेजारणीचा पापड जाड झाला, तर मी तिला तिथल्या तिथे सांगते. तुझ्या घड्याळात बाकीच्यांचं काय होतं रे?”

मी गप्प बसलो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे. तिथे काम करणारीला नोकर म्हणत नाहीत, ‘बहीण’ म्हणतात. आणि ती संस्थेची मालकीणही असते. सहकारातले हे साधे गणित मला पुस्तकात दिसले होते, पण कळले ते आईच्या पोळपाटाजवळ.

पुढच्या वर्षी समितीपुढे हट्ट धरून मी बक्षीस बंद केले. त्या पैशात थोडी भर घालून हमालापासून हिशेबनिसापर्यंत सर्वांना सारखी रक्कम दिली. विक्री काही फार वाढली नाही. पण न सांगता पोती आत येऊ लागली.

आणि ते घड्याळ? ज्याला मिळाले होते, त्यानेच एक दिवस ते आणून भांडाराच्या भिंतीवर टांगले. रोज पाच मिनिटे मागे पडे. पण किल्ली द्यायला मला कधी कोणाला सांगावे लागले नाही.