नाली आधी की विमान?

गेल्या पावसाळ्यात भिलाईच्या कोहक्यातल्या आमच्या गल्लीत उघडउघड दोन तट पडले. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, मध्ये उभं करून एका बाजूने नालीसाठी आणि दुसऱ्या बाजूने रुंद रस्त्यासाठी आरडाओरडा चालला होता. कोपऱ्यावरच्या म्हातारबाई कमरेवर हात ठेवून एवढंच विचारत होत्या, "नाली कब बनही?" त्यांच्या ओसरीत घोटाभर पाणी होतं. रुंद रस्तावाल्यांपैकी निम्मे लोक इथे राहतसुद्धा नाहीत. त्यांचे फक्त प्लॉट आहेत.

या भागात काल-परवापर्यंत धान लागायचं. मग शेताचे तुकडे पडले, मधून मुरुमाचा रस्ता ओढला गेला आणि डिसमिलच्या, म्हणजे एकराच्या शंभराव्या भागाच्या, भावाने रजिस्ट्री सुरू झाली. 2019 च्या सुरुवातीला पाच डिसमिलखालच्या तुकड्यांच्या रजिस्ट्रीवरची बंदी उठली, तेव्हा तर दलालांची चांदी झाली. 2025 मध्ये शेतजमिनीसाठी ती बंदी पुन्हा आली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. रजिस्ट्री हातात, डायवर्शन (अकृषक परवानगी) नाही, लेआउट मंजूर नाही. कधी बुलडोझर येऊन मुरुम उखडून जातो. तोवर कॉलोनायझर दुसऱ्या खसऱ्यावर, म्हणजे सर्व्हे नंबरवर, पोचलेला असतो. सापडतो तो पार्षद. नामंजूर कॉलनीत नाली टाकायची म्हटलं की फाइल अडते, हे त्यालाही ठाऊक आणि ओरडणाऱ्यांनाही.

या भांडणात विमान आणलं ते प्लॉटवाल्यांनी. जामुलच्या पुढे नंदिनीला भिलाई स्टील प्लांटची चुनखडीची खाण आहे आणि जुनी हवाईपट्टीही. "तिथून विमानं सुटली की इथला भाव दुप्पट," असं दलाल प्लॉट दाखवता दाखवता सांगतो. रायपूरचं माना विमानतळ काही दूर नाही, पण आपल्या प्लॉटशेजारचं विमान ते वेगळंच! प्लांटमधून निवृत्त झालेले शेजारचे काका या बाजूचे. 1955 च्या सोव्हिएत करारानंतर प्लांट आला तेव्हाही गावं उठलीच होती, असं मी म्हणून पाहिलं. काका म्हणाले, "अरे, उसी से तो शहर बना." खोटं नाही. पण उठलेल्यांचं मत त्यात धरलेलं नाही.

आम्ही नागपूरकडचे, त्यामुळे ही दलालांची भाषा आम्हाला पाठ आहे. विमानतळाजवळ मिहान प्रकल्प आला तेव्हा वर्धा रोडवरच्या एकूण एक लेआउटच्या पाटीवर "मिहानपासून पाच मिनिटं" लिहिलेलं असायचं, मग ती पाच मिनिटं बुटीबोरीच्या पलीकडची का असेनात. तिकडे धावपट्टीच्या वाढीत शिवणगाव सापडलं, तर सारं गाव एका बाजूने उभं राहील असं बाहेरच्यांना वाटायचं. छे! सात-बारावाल्याचं भांडण भावाचं, गावठाणातल्या घरवाल्याचं पुनर्वसन कुठे ते सांगा म्हणून, आणि भाडेकरूचं नाव कोणत्याच यादीत नाही. विमानतळाला विरोध की पाठिंबा हा प्रश्न त्यांना पत्रकारांनीच विचारला. त्यांचा आपसातला प्रश्न वेगळा होता: कोणाला किती आधी कळलं, आणि त्याने किती आधी घेऊन ठेवलं?

इकडे पार्षदाला शिव्या खाताना पाहून मला उलट बरंच वाटतं. नागपूर महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. माझी बहीण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन झोनच्या खिडकीशी उभी राहायची. खिडकीवर चिडून उपयोग काय? नगरसेवक कामाचा असो-नसो, रस्त्यात गाठून त्याला चार माणसांसमोर विचारता येतं. बिल्डरला असं कुणी गाठल्याचं मी ना तिकडे पाहिलं, ना इकडे.

आता माझा भाचा इकडे प्लॉट बघतोय. मी त्याला सांगितलं, विमानाचं काढूच नको. खसरा नंबर, डायवर्शनचा कागद आणि पाणी कुणीकडे उतरतं एवढं विचार. त्याने विचारलं. दलाल म्हणाला, "कागज सेठ के पास है, और नाली तो पार्षद जी बनवाएँगे."