डाख

पंढरपूरच्या नरहरी सोनारांचा सोनारकामाच्या रूपकाचा अभंग आम्ही वर्गात कित्येक वर्षे शिकवला. बागेसरी, मूस, हातोडा, कातरी, ताजवा. परीक्षेत जोड्या लावायला सोयीचा. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, एवढे सांगून आम्ही पुढे सरकत असू. ती प्रत्यक्ष पाहिली निवृत्तीनंतर, जुळे सोलापुरात राहायला आल्यावर, शेजारच्या वृद्ध सोनारकाकांकडे.

निमित्त आईच्या पैंजणांचे. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले, एक कडी तुटलेली. आम्हीच जोडू, असा हट्ट धरला. कडीची तोंडे कानशीने जुळवली, सवागीचा लेप दिला, डाखाचा तुकडा सांध्यावर ठेवला आणि फुंकणीने ज्योत नेमकी त्या तुकड्यावर वळवली. तुकड्याची गोळी झाली, क्षणभर थरथरली आणि शेजारच्या बारीक कड्यांत शिरली. तीन कड्यांची एकच काडी झाली. आईच्या पावलावर लवणारी साखळी तेवढ्या जागी ताठ.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, डाख ठेवल्या जागी राहत नसतो. तापंल तिकडं पळतो."

मग त्यांनी दाखवले. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते. तिचा डाख त्याआधीच, साधारण 700 ते 800 अंशांच्या दरम्यान पाणी होतो. म्हणून ज्योत डाखावर धरायची नाही, सांध्याच्या दोन्ही बाजूंवर सारखी फिरवायची; धातू तापला की डाख आपण होऊन फटीत ओढला जातो. फट मात्र अशी हवी की उजेडासमोर धरली तर आरपार दिसू नये. रुंद फट डाख भरून काढत नाही. तुकडा राईएवढा पुरे. आणि जिथे तो जाऊ नये, तिथे गेरूचा लेप: मळलेल्या जागी डाख धरत नाही. आम्ही सारे लक्ष डाख जायला हवा त्या जागेवर दिले होते. काका आधी जाऊ नये त्या जागा लिंपतात.

घरी परतताना ध्यानात आले, त्या अभंगात डाख नाही. असणार कसा? डाख म्हणजे तांबे, जस्त मिसळलेले हीण. शुद्ध सोन्याच्या रूपकात त्याला जागा नाही. दागिना मात्र त्यावाचून उभा राहत नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि आम्हालाही सुचला नाही.

पुढे पंधरा दिवसांनी दुसऱ्या पैंजणाची एक सैल कडी आम्ही नीट जोडली. पहिल्यातली ताठ जागा सोडवून देतो, असे काका दोनदा म्हणाले. आम्ही अजून नेलेला नाही.