रक्त तपासून कळेल का?

मढच्या मावशींना आणलं त्या दिवशी माळशेजकडे पावसानं झोड उठवली होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, उलटी हिरवी, दोन दिवस वाराही सरला नव्हता. बेंबीखाली जुना व्रण होता. गर्भपिशवी काढून बारा वर्षं झाली होती, पण त्या ऑपरेशनचा कागद घरात सापडला नाही. जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटून अडकली होती. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी आतडं आपणहून मोकळं झालं. निघताना मुलानं विचारलं, "डॉक्टर, हे रक्त तपासून आधी कळलं असतं का हो?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला वेळ लागतो. पोटातल्या अवयवांवर तलम, ओलसर अस्तर असतं. ऑपरेशनमध्ये ते दुखावलं की तिथं फायब्रिनचा चिकट थर बसतो. एरवी प्लाझ्मिन तो विरघळवून टाकतं. ऑपरेशननंतर मात्र प्लाझ्मिन तयार करणारं टीपीए कमी पडतं आणि त्याला अडवणारं पीएआय-1 वाढतं. आठवडाभरात थर विरला नाही, तर त्यात पेशी शिरतात, कोलॅजन तयार होतं आणि आतडी एकमेकांना कायमची चिकटतात.

मग पीएआय-1 आणि सूज-जखमेशी जोडलेली आयएल-6, टीजीएफ-बीटा ही प्रथिनं रक्तात मोजावीत, नाही का? संशोधक मोजतातच. पण हे सगळं घडतं अस्तरावर. दंडातून काढलेल्या रक्तात त्याचा पुसट माग उरतो. शिवाय आयएल-6 आणि सूज दाखवणारं सीआरपी कुठल्याही जखमेनं, तापानं वाढतात. सीए-125 हे रक्तातलं आणखी एक प्रथिन तर मासिक पाळीतही वाढतं.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांच्या पोटात काही ना काही चिकटतंच. त्रास थोड्यांनाच होतो. स्कॉटलंडमधल्या 29,790 रुग्णांचा दहा वर्षांचा मागोवा 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा दाखल होण्याचं थेट कारण चिकटणं हेच होतं, अशा वेळा शंभरात सहाच्या आत भरल्या. चिकटण्यातून बनलेला कोणता पट्टा कोणत्या आतड्याला कधी आवळेल, हे रक्ताला कसं ठाऊक असणार? आज रुग्णाच्या खाटेशी भरवशानं वापरावी अशी एकही रक्तचाचणी नाही.

आतडं अडकल्यावर मात्र रक्त उपयोगी पडतं. रक्तातलं लॅक्टेट चढू लागलं की आतडं काळं पडत असल्याची शंका घ्यावी लागते. ते नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. त्यापेक्षा मला नळीतून दिलेल्या, एक्स-रेत दिसणाऱ्या औषधाचा फोटो जास्त सांगतो. ते औषध चोवीस तासांत मोठ्या आतड्यात उतरलं, तर बहुतेकदा चाकू लावावा लागत नाही.

तेव्हा ऑपरेशनचा कागद रेशनकार्डासोबत जपून ठेवा. पोटावर जुना व्रण असेल आणि पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, वारा बंद झाला, तर मढहून त्याच रात्री निघा. सकाळच्या एसटीची वाट पाहू नका.